दऱ्या आणि दर्या : प्रस्तावना

काही वर्षांपूर्वी एका गिर्यारोहण मंडळाच्या स्मरणिकेची प्रुफे माझ्याकडे आली. पहिल्याच लेखात मंडळी पहाटे निघाली होती, कडा चढून माथ्यावर पोचली होती आणि तिथून त्यांना चहूबाजूंना 'खोल खोल दर्या' दिसत होत्या. सह्याद्रीच्या एखाद्या माथ्यावरून स्वच्छ दिवशी दर्या दिसतो हे खरे. पण तो एकच असतो, पुल्लिंगी असतो आणि पश्चिमेलाच असतो. मी समासात खूण केली. पुढच्या पानावर पुन्हा दर्या, त्याच्या पुढच्यावरही. गंमत अशी, की त्याच पानांवर 'गिर्यारोहण' हा शब्द मात्र अचूक होता. तिथे रफारच हवा होता आणि रफारच पडला होता.

लेखकाला फोन केला. ते पेशाने शिक्षक. दुखावल्या आवाजात म्हणाले, "अहो, मला काय दऱ्या लिहिता येत नाहीत? वही दाखवतो हवी तर. संगणकावर तो र काही सापडेना, मग जवळचा घेतला."

या पुस्तकाचा उगम त्या शेवटच्या दोन शब्दांत आहे. 'जवळचा घेतला.' तोवर मी अशा चुका शुद्धलेखनाच्या खात्यावर टाकत असे. त्या दिवशी लक्षात आले, की लिहिणाऱ्याला नियम पाठ आहे, हाताला वळण आहे, डोळ्याला चूक कळते. अडले आहे ते बोट. मग जुनी प्रुफे काढून पाहिली, तर जवळच्याची रांगच लागली. 'दुःख'मधल्या विसर्गाच्या जागी इंग्रजी अपूर्णविराम. 'वाङ्मय'मधल्या ङ च्या जागी ड, म्हणून 'वाड्मय'. लग्नपत्रिकेच्या माथ्यावर '॥ श्री ॥'चे दंड काढायला कळफलकाच्या कोपऱ्यातल्या दोन उभ्या रेघा. 'अगं होऽ' म्हणताना लांबवलेल्या सुराला अवग्रहाऐवजी इंग्रजी एस. कागदावर छापले तर निम्म्या चुका दिसतही नाहीत. म्हणूनच त्या टिकून राहतात.

ही अडचण एकट्या मराठीची नाही, हे आधी सांगायला हवे. टंकलेखन यंत्राचा ज्या कळफलकाने जगभर जम बसवला, तो इंग्रजीच्या मापाने बेतलेला होता. इंग्रजीला सव्वीस अक्षरे पुरतात. शेजारच्या फ्रेंचला पुरत नाहीत. तिला ई या अक्षरावर कधी उजवीकडे, कधी डावीकडे झुकणारी तिरकी रेघ लागते. जर्मनला तीन स्वरांवर दोन-दोन टिंबे लागतात. स्पॅनिशला एन वर नागमोडी रेघ लागते, आणि ती गाळणे परवडत नाही. स्पॅनिशमधला 'आन्यो' म्हणजे वर्ष. त्यावरची ती रेघ गेली, की शब्द शरीराच्या अशा भागाशी जाऊन पोचतो ज्याचे नाव प्रस्तावनेत घेता येत नाही. आपल्या दर्याने निदान तेवढी बेअदबी केलेली नाही.

या भाषांनी काढलेली तोड मोठी चतुर होती. त्यांच्या टंकयंत्रांवर काही कळा अशा असत, की दाबल्यावर चिन्ह उमटे, पण गाडा पुढे सरकत नसे. आधी रेघ मारायची, मग त्याच जागी खाली अक्षर ठोकायचे. न सरकणारी म्हणून तिला 'मृत कळ' म्हणत. गाडा गेला, यंत्र गेले, पण मृत कळ संगणकात जिवंत आहे. आंतरराष्ट्रीय मांडणी निवडली, तर एकेरी अवतरणचिन्ह आणि लगेच ई दाबल्यावर डोक्यावर रेघ असलेला ई मिळतो. विंडोजवर ऑल्ट दाबून धरून आकड्यांच्या पट्टीवर ०२३३ दाबले तरी तोच मिळतो. मॅकवर ऑप्शन आणि ई, मग पुन्हा ई. गोव्याच्या इतिहासासाठी पोर्तुगीज कागदपत्रे चाळणाऱ्या किंवा संस्कृत ग्रंथांची नावे रोमन लिपीत टिंबा-रेघांसह देणाऱ्या मराठी अभ्यासकाला हे रोज लागते. त्यांच्यासाठी शेवटचे प्रकरण राखून ठेवले आहे.

रोमन लिपीत अशी चिन्हे पाहुणी असतात. देवनागरीत ती घरचीच. काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार, रफार ही सगळी अक्षराच्या डोक्यावर, पायाशी, अंगाला चिकटणारी मंडळी. त्यात जोडाक्षरांचा संसार. म्हणून यंत्र आणि आपली लिपी यांचे भांडण जुने आहे. छापखान्यात कंपोझिटरपुढे खिळ्यांच्या केसींचा पसारा असे. कोणता अर्धा वर्ण कोणत्या घरात, हे त्याच्या बोटांना अंधारातही कळे. टंकयंत्र आले तेव्हा हा पसारा काही डझन कळांत कोंबावा लागला. मग अर्धा ग एका कळीवर, त्याला पूर्ण करणारा काना दुसऱ्या कळीवर, अशी काटकसर झाली. ऱ्हस्व वेलांटी कागदावर अक्षराच्या आधी दिसते, म्हणून आधी ठोकायची; रफार अक्षरानंतर चढतो, म्हणून नंतर. बोटे उच्चाराच्या क्रमाने चालत नसत, आकाराच्या क्रमाने चालत.

या भांडणात लिपीनेच नमते घ्यावे, असे म्हणणारेही होते. स्वातंत्र्यवीर सावरकरांची 'अ'ची बाराखडी याच विचारातून आली. इ, उ, ए ही वेगळी अक्षरे कशाला? 'अ'लाच वेलांटी, उकार, मात्रा लावा. तेवढे खिळे वाचतील, तेवढ्या कळा वाचतील. 'किर्लोस्कर' मासिकासारख्या नियतकालिकांतून ती वाचकांच्या डोळ्यांखालूनही गेली. ती रुळली नाही. पण तिच्यामागचा हिशेब त्या काळी चुकीचा नव्हता: यंत्र महाग, लिपी लवचीक, तेव्हा वाकायचे कोणी?

आज उत्तर उलटे झाले आहे. यंत्राला आता हवी तितकी अक्षरे परवडतात. मात्र तिथवर पोचण्याआधी आपण मध्ये एक विचित्र काळ काढला. डीटीपीच्या त्या दिवसांत संगणकाच्या पोटात मराठी नव्हतीच. आत इंग्रजी अक्षरांचे आणि चिन्हांचे क्रमांक, वर मराठी आकारांचा पोशाख. फॉन्टची फाईल हाताशी असेपर्यंत कविता. ती नसलेल्या संगणकावर नेली, की त्याच कवितेची इंग्रजी अक्षरे आणि कंसांची भेळ. प्रत्येक कंपनीच्या फॉन्टचा क्रम निराळा, त्यामुळे एका छापखान्यातले पुस्तक दुसऱ्या छापखान्यात पुन्हा जुळवावे लागे. आज अनेक प्रकाशकांकडे त्या काळच्या सीड्या पडून आहेत आणि त्यांतला मजकूर कुलूपबंद आहे.

सुटकेची तयारी मात्र समांतर चालू होती. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये इनस्क्रिप्ट ही कळफलकाची मांडणी ठरवली. तिच्यामागची कल्पना साधी आणि सुंदर आहे. भारतीय लिप्यांचे आकार निराळे, पण वर्णमालेचा सांगाडा एक. तेव्हा सगळ्यांसाठी मांडणीही एकच. स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला. क ज्या कळीवर, तिच्यावरच शिफ्टसह ख. ग च्या कळीवर घ. ज्याला मराठी इनस्क्रिप्ट येते, त्याच्या बोटांना कन्नडचा क शोधावा लागत नाही. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक उभी राहिली आणि भारतीय लिप्यांचे पुष्कळ काम तिथून झाले. भारतीय लिप्यांसाठी इस्की नावाची प्रमाण संकेतावली तयार झाली, आणि १९९१ मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती आली तेव्हा देवनागरीची मांडणी इस्कीवरूनच घेतली गेली. विंडोज २००० मध्ये युनिकोड देवनागरी थेट आली; तिच्याबरोबरचा मंगल हा फॉन्ट सुलेखनकार आणि कवी र. कृ. जोशी यांनी रेखाटलेला.

युनिकोडने बदलले काय? त्याने आकार सोडला आणि अक्षर धरले. 'कि' लिहिताना आधी क, मग वेलांटी. कारण उच्चार तसा आहे. वेलांटी कागदावर डावीकडे सरकवायची, हे काम फॉन्टचे. 'सूर्य'साठी र, पाय मोडण्याचे चिन्ह, य. रफार वर चढवणे हेही फॉन्टचे. जुन्या टंकलेखकांना हे सुरुवातीला उफराटे वाटले. पण शाळेत मुलाला आपण याच क्रमाने शिकवतो.

आता पुन्हा दऱ्यांकडे वळू. मराठीत र ला चार रूपे आहेत: 'सूर्य'मधला डोक्यावरचा, 'चक्र'मधला पोटातला, 'राष्ट्र'मधला पायाखालचा आणि 'दऱ्या'मधला आडवा. चौथा हा मराठीचा खास दागिना. कऱ्हाड, वऱ्हाड, बिऱ्हाड, तऱ्हा, सुऱ्या, पायऱ्या, बिचाऱ्याला, दुसऱ्यांना. याच्याशिवाय मराठीत घर बांधता येत नाही आणि कोणाची कीवही करता येत नाही. तो नुसता सजावटीचा असता तर प्रश्न नव्हता. 'आचार्यांना बोलवा' म्हटले, तर सभा भरते. 'आचाऱ्यांना बोलवा' म्हटले, तर पंगत बसते. पहिल्या शब्दात 'चा'वर आघात येतो, दुसऱ्यात येत नाही. कानाला कळणारा हा फरक डोळ्यांना दाखवण्याचे काम तो आडवा र करतो.

युनिकोडच्या तक्त्यात या र ची कथा मजेदार आहे. तिथे ०९३१ या क्रमांकावर ऱ हे अक्षर आहे, खाली टिंब असलेला र. ते मुळात मराठीसाठी ठेवलेले नाही. दक्षिणेकडच्या द्राविडी भाषांतला एक विशिष्ट र देवनागरीत उतरवता यावा, म्हणून त्याची सोय झाली. त्याचा पाय मोडला की मराठीचा आडवा र उमटावा, असे ठरले. म्हणजे कऱ्हाडातला र तमिळच्या दारातून आत येतो. दुसरीही एक वाट आहे: साधा र, पाय मोडण्याचे चिन्ह आणि त्यानंतर एक अदृश्य जोडचिन्ह. युनिकोडच्या जुन्या आवृत्तीतली ही रीत अजून मान्य आहे, पण ते अदृश्य चिन्ह मजकूर इकडून तिकडे नेताना कधी कधी गळते. आणि ते गळले, की दऱ्यांचा दर्या होतो. म्हणून या पुस्तकात पहिल्या वाटेचाच आग्रह धरला आहे.

ॲ ची गोष्ट आणखी अलीकडची. इंग्रजी शब्दांबरोबर हा स्वर मराठीत आला आणि आपण तो 'अ'वर चंद्र ठेवून लिहू लागलो. युनिकोडकडे मात्र बरीच वर्षे 'ए'वर चंद्र असलेला ऍ होता. मराठी डोळ्याला तो खटकतो. तेव्हा लोकांनी अ लिहून त्यावर सुटा चंद्र चढवला. २००८ मध्ये युनिकोडच्या ५.१ या आवृत्तीत ॲ ला ०९७२ हा स्वतःचा क्रमांक मिळाला. पुढच्याच वर्षी शासनाने वर्णमाला ठरवून देताना ॲ आणि ऑ यांना स्वरांच्या रांगेत बसवले. आज ॲ तीन तऱ्हांनी लिहिलेला सापडतो. त्यांतल्या दोन डोळ्यांना एकसारख्या दिसतात, संगणकाला मात्र त्या तिन्ही परक्या.

आणि इथेच खरी मेख आहे. कागदावर जवळचा घेतला तर माणूस समजून घेतो. संगणक समजून घेत नाही. तो क्रमांकाला क्रमांक लावून पाहतो. एका कार्यालयात माझ्या परिचिताचे नाव यादीत मिळेना. आडनावात ऱ्ह होता. खिडकीपलीकडच्या बाईंनी तीनदा शोधून पाहिले, आडनाव नीट वाचून पाहिले, शेवटी वैतागून यादी कागदावर काढली आणि बोट फिरवत नाव शोधले. ते तिथेच होते. यादी करणाऱ्याने एका रीतीने लिहिले होते, शोधणाऱ्याने दुसऱ्या. 'दुःख'मध्ये अपूर्णविराम घातला, तर संगणकाच्या लेखी तो शब्दच उरत नाही. 'दु' आणि 'ख' असे दोन तुकडे होतात. 'बँक' लिहिताना कोणी चंद्रबिंदू देतो, कोणी चंद्र आणि अनुस्वार वेगवेगळे देतो; दिसायला फरक नाही, शोधायला आहे. प्रचारात चंद्रबिंदू रुळला आहे. काहीही निवडा, पण एका मजकुरात दोन नकोत. उद्याचे शब्दकोश, शोधयंत्रे, वाचून दाखवणारी यंत्रे हे सगळे आज आपण आत काय भरतो त्यावर उभे राहणार आहे. जवळच्या अक्षराची किंमत लिहिणारा देत नाही, शोधणारा देतो.

काही बाबतींत मात्र लिहिणाऱ्याचा दोष नसतो. मराठीचा देठाचा श आणि पाकळ्यांचा ल संगणकावर हिंदी वळणाचे होतात, याबद्दल अनेकांची तक्रार असते. हे वेगळे अक्षर नव्हे, तेच अक्षर वेगळ्या वळणाने काढलेले, क्रमांक एकच. वळण फॉन्टमध्ये असते, आणि काही फॉन्टमध्ये दोन्ही वळणे असून मजकुराची भाषा मराठी अशी नोंदवली तरच मराठी वळण पुढे येते. म्हणजे इथे कळ शोधायची नाही, भाषा सांगायची. आकाराची तक्रार कोणती आणि अक्षराची कोणती, हे ओळखता आले की निम्मी वणवण वाचते. पुस्तकाचे दुसरे प्रकरण त्याविषयी आहे.

मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ मध्ये आले, १९७२ मध्ये त्यांत चारांची भर पडून ते अठरा झाले. कुठे ऱ्हस्व, कुठे दीर्घ, कुठे अनुस्वार, हे ते सांगतात. त्या वेळी लिहिणे म्हणजे हाताने लिहिणे, त्यामुळे अक्षर उमटवायचे कसे हे सांगण्याची गरज नव्हती. ते शिक्षण पाटीवर, पेन्सिलीने, बाईंनी हात धरून झालेले असे. कळफलकाच्या बाबतीत आपला हात कोणीच धरला नाही. फोन हातात आला, संगणक टेबलावर आला, आणि प्रत्येकाने आपापली वाट शोधली. या पुस्तकाचे काम तेवढेच: हात धरून अक्षर गिरवून घेणे.

रचना त्याच बेताची आहे. प्रत्येक अक्षराला एक पान. वर अक्षर आणि ते लागणारे चार-सहा शब्द; खाली त्याच्या जागी सहसा काय घुसते ते; त्याखाली इनस्क्रिप्टवर, उच्चारानुसारी कळफलकावर आणि फोनवर ते कसे मिळते ते. फोनच्या मांडण्या सारख्या बदलतात, म्हणून बटणाची जागा सांगण्यापेक्षा शोधण्याची रीत सांगितली आहे. मूळ अक्षर दाबून धरले, की अनेकदा त्याची भावंडे वर येतात. अगदीच अडले तर आपत्कालीन उपायही आहे: विंडोजवरच्या वर्डमध्ये इंग्रजी आकड्यांत ०९३१ लिहून ऑल्ट आणि एक्स दाबले, की त्या आकड्यांचा ऱ होतो. रुपयाचे चिन्ह, ॐ, अवग्रह, दंड यांचीही पाने आहेत. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणताना कोणती अक्षरे हटकून बिघडतात, त्याची यादी प्रूफ तपासणाऱ्यांसाठी वेगळी दिली आहे.

इनस्क्रिप्टच शिका, असा धोशा मी लावलेला नाही. ज्यांना रोमन अक्षरांतून मराठी लिहायची सवय आहे, त्यांनी तसेच लिहावे. मात्र त्या रीतीत ऱ, ङ, विसर्ग यांसाठी प्रत्येक साधनाची खूण निराळी असते आणि ती साधन बदलले की विसरावी लागते. इनस्क्रिप्टवर विसर्ग संयोगचिन्हाच्या कळीवर शिफ्टसह मिळतो, ङ ह च्या कळीवर शिफ्टसह, ळ ल च्या कळीवर शिफ्टसह. हे पाठ करायला एक आठवडा लागतो आणि नंतर जन्मभर पुरते.

हे पुस्तक कार्यशाळांतून घडले. तिथे आलेले शिक्षक, अनुवादक, ग्रामपंचायतीतले कर्मचारी, निवृत्तीनंतर आत्मचरित्र लिहायला बसलेले आजोबा, यांनी विचारलेल्या प्रश्नांची ही उत्तरे आहेत. एकदा एका आजींनी विचारले होते, "बाळ, तो र मिळत नसेल तर पायऱ्या कशा उतरायच्या?" त्यांच्यासाठी त्या दुपारी केलेला कागद हे या पुस्तकाचे पहिले पान. त्या सगळ्यांचा मी ऋणी आहे.

स्मरणिकेच्या त्या शिक्षकांना मी तेव्हा फोनवरच अक्षर सांगितले होते. इनस्क्रिप्टवर 'दर्या' लिहायला ओ, जे, डी, तिरकी रेघ आणि ई अशा पाच कळा लागतात. 'दऱ्या' लिहायलाही त्याच पाच. फक्त जे दाबताना शिफ्ट धरायची. पलीकडे थोडा वेळ टकटक ऐकू आली. मग ते म्हणाले, "एवढंच होतं होय?"

एवढेच आहे. पुढची पाने त्या एका शिफ्टसाठी.